दोन कोटी चाळीस लाखांतला एक

नवी वस्तू घरात आली की तिच्यात खोट काढण्याचा पहिला मान घरच्यांचा, दुसरा शेजाऱ्यांचा आणि तिसरा ऑफिसातल्या त्या गृहस्थांचा. हे गृहस्थ प्रत्येक ऑफिसात एक असतातच. आमच्याकडचे फ्रीजपासून फ्लॅटपर्यंत कशावरही अधिकारवाणीनं बोलतात. तुम्ही काहीही विकत घ्या, त्यांचा प्रश्न ठरलेला, "कितीला पडलं?" आकडा ऐकला की उद्गारही ठरलेला, "अहो, मला विचारायचंत ना आधी!" कॅमेऱ्याची बातमी त्यांच्या कानावर जाऊ द्यायची नाही, असा माझा पक्का निश्चय होता. पण भाच्याची मुंज तोंडावर आलेली, बोरा बाजारातून आणलेला २४ मेगापिक्सेलचा कोरा करकरीत मिररलेस कॅमेरा कपाटात, आणि एवढी गोष्ट पोटात ठेवायची! डबा खाताना बोलून गेलो.

किंमत ऐकून त्यांनी हळहळ व्यक्त केली, माझ्या डब्यातली भेंडी उचलली आणि विचारलं, "डेड पिक्सेल बघितलेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे नाही बघितलेत. झाकण लावा आणि फोटो काढा."

"कशाचा?"

"झाकणाचा! झाकण काढायला विसरल्यावर येतो ना, तसा. फक्त मुद्दाम काढायचा."

लोक नव्या कॅमेऱ्यानं पहिला फोटो देवाचा काढतात, बाळाचा काढतात, गेला बाजार गॅलरीतल्या तुळशीचा तरी. मी अंधाराचे काढू लागलो. लेन्सला झाकण, झाकणावर टॉवेल, टॉवेलवर उशी, खोलीतले दिवे बंद आणि पडदे ओढलेले. या सगळ्या थरांखालून 'खट्' असा बारीक आवाज आला की मी समाधानानं मान हलवायचो. बायको दारात येऊन उभी राहिली.

"लाइट गेले?"

"नाही गं. फोटो काढतोय."

"कशाचा?"

"कशाचाच नाही."

ती काही न बोलता गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून तिचा दबका आवाज ऐकू आला. माहेरी फोन लावला होता.

काळा फोटो काढणं सोपं, तो बघणं अवघड. २४ मेगापिक्सेल म्हणजे आडवे ६,००० आणि उभे ४,००० ठिपके. गुणाकार दोन कोटी चाळीस लाख. आमच्या कॉम्प्युटरचा पडदा १९२० गुणिले १०८० चा. त्यामुळे फोटो खऱ्या मापात बघायचा तर सोळा तुकड्यांत बघावा लागतो. नाक पडद्याला टेकवून मी एकेक तुकडा सरकवत काळोख वाचू लागलो. पहिल्याच तुकड्यात पांढरा ठिपका! छातीत धस्स झालं. फोटो सरकवला, पण ठिपका जागचा हलेना. म्हणजे तो फोटोतला नव्हे, पडद्यावरचा. नखानं खरवडला तर कणीक निघाली. दुसरा निळा ठिपका खरवडूनही निघेना. तो पडद्याचाच अडकलेला पिक्सेल होता. गेली कित्येक वर्षं विजेची बिलं, रेल्वेची तिकिटं आणि भाचरांच्या पत्रिका मी त्याच्यावरूनच वाचत आलो होतो आणि तो मला एकदाही दिसला नव्हता. आता जन्मभर दिसणार. तिसरा ठिपका उडून गेला.

चौथा मात्र खरा निघाला. वर उजवीकडे, कोपऱ्यापासून थोडा आत, लालभडक. फोटो सरकवला की तोही सरकायचा. पुढच्या अंधारात तो तिथेच, त्याच्या पुढच्यातही तिथेच. झाकण काढून भिंतीचा फोटो घेतला, तर भिंतीवरही तिथेच.

हे प्रकरण काय असतं ते सांगायलाच हवं, कारण पुढे भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलो होतो. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवं किंवा निळं यांपैकी एकच गाळणं बसवलेलं असतं. चारांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. म्हणजे प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या ठिपक्यांकडे चौकशी करून भरले जातात. आपण ज्या रंगीत फोटोचं कौतुक करतो त्यातला दोन-तृतीयांश रंग अंदाजपंचे दाहोदरसे असतो! आता एखादा ठिपका प्रकाश पडो न पडो, "पडला, पडला" म्हणून ओरडत राहतो. तो हॉट पिक्सेल. काही झालं तरी तोंड उघडत नाही तो डेड. आणि चौकशी शेजाऱ्यांकडेच होत असल्यामुळे एकानं खोटं सांगितलं की आजूबाजूचेही थोडे थोडे त्याच रंगात रंगतात. हे मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत अनेकदा पाहिलं आहे.

त्यातली खरी गोम पुढे आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही सेन्सरमध्ये असे बिघडलेले ठिपके थोडेफार असतातच. कंपनी त्यांची यादी करून कॅमेऱ्याच्या पोटात ठेवते आणि त्यांच्या जागी शेजाऱ्यांवरून काढलेला आकडा भरते. निर्दोष कॅमेरा असा नसतोच; दोष झाकलेला कॅमेरा असतो. हे कळल्यावर शहाणा माणूस शांत झाला असता. मला रात्रभर एकच प्रश्न छळत होता. एवढ्यांची यादी केली, मग माझाच कसा सुटला?

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. माहेरच्या फोनचा परिणाम. मी त्यांना ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "असू द्या हो जावईबापू. नव्या वस्तूत एखादा डाग असावा. दृष्ट लागत नाही." मग आवाज खाली आणून, "पूजा करताना कुंकू तर नाही ना गेलं आत?"

शंका अगदीच वावगी नव्हती. कॅमेरा घरात आला त्या संध्याकाळी देवापुढे ठेवून बायकोनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि पकडीच्या खरखरीत रबराच्या खाचांत ते अजून बसलेलं होतं. टूथब्रशनं घासलं की ते जास्तच आत जायचं. पण सेन्सरवर कचरा पडला तर डाग काळपट आणि पुसट येतो, लाल चमकत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. सासूबाईंचं समाधान झालं. बायकोचं झालं नाही. "म्हणजे माझ्या पूजेमुळे बिघडलं असं तुम्हाला वाटत होतं तर!" असा तिनं अर्थ काढला आणि संध्याकाळचा चहा मी करून घेतला.

इंजिनिअरिंगला असलेला थोरला भाचा म्हणाला, "मामा, कॉस्मिक रेज. अंतराळातून येतात आणि पिक्सेल जाळतात. स्पेस स्टेशनवरच्या कॅमेऱ्यांची तर पार चाळण करून टाकतात."

"अरे, आपला कॅमेरा कल्याणच्या पलीकडे गेलेला नाही."

"पण परदेशातून विमानानं आलाच असेल ना? उंचावर जास्त लागतात."

यावर उत्तर नव्हतं. दुकानदाराकडे ब्रह्मांडाविरुद्ध तक्रार कशी नोंदवायची, हा प्रश्न मात्र उभा राहिला. तो सोडवायला वरच्या मजल्यावरचे आजोबा धावून आले. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासून आजोबा अन्यायाच्या शोधात आहेत. हल्ली त्यांना तो मिळेनासा झाला होता. माझा ठिपका पाहून त्यांचे डोळे लकाकले.

"सोडू नका! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. कलम दोन, पोटकलम सत्तेचाळीस. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेतला नाही, तर ती अनुचित व्यापारी प्रथा. लावा १९१५!"

मला वाटलं, आणखी एका जुन्या कायद्याचं साल सांगताहेत. तो राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर निघाला.

"पण आजोबा, एकच ठिपका आहे हो. दोन कोटी चाळीस लाखांतला."

"आज एक! उद्या?" ते गरजले. जिल्हा आयोग, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग असा पुढचा सगळा प्रवास त्यांना दिसू लागला होता. दिल्लीला जायची वेळ आली तर त्यांना राजधानीचं तिकीट चालेल, वरचा बर्थ चालणार नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलं.

या सगळ्यात व्यवहाराचं बोलली ती बायको. "शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकणार ना?" खरं होतं ते. छापला तरी काय? चार गुणिले सहा इंचाच्या चांगल्या प्रिंटमध्ये १,८०० गुणिले १,२०० ठिपके मावतात. म्हणजे कॅमेऱ्याचे अकरा मिळून कागदावरचा एक. माझा लाल इतर दहांत विरघळून जाणार. व्हॉट्सअ‍ॅप तर फोटो असा पिळून काढतं की पिक्सेल सोडा, कधी कधी माणूस ओळखू येत नाही. हे मला पटत होतं. पण मला माहीत होतं ना, तो तिथे आहे!

आणि साडूंनाही माहीत झालं होतं. बायकांच्या माहेरी एक फोन गेला की तो दोन्ही जावयांपर्यंत पोचतो. साडूंकडे फुल फ्रेम कॅमेरा आहे, माझ्याहून दुप्पट किमतीचा. त्याची लेन्स एवढी लांब की सिंहगडावर उभं राहून पायथ्याच्या गाडीची नंबरप्लेट वाचावी. त्यांचा फोन आला, सहानुभूतीनं ओथंबलेला. "फार वाईट वाटलं ऐकून. आमच्यात असलं काही नाही हो. मी म्हटलंच होतं हिला, घेतील तर घाईनं घेतील."

त्या क्षणी कॅमेरा परत करायचा, हे ठरलं.

ऑफिसातल्या गृहस्थांनी त्यात एक खोडा घातला. "गरम असताना बघितला असेल. हॉट पिक्सेल आहे तो, नाव काय उगाच आहे? थंड करून बघा." यातही तथ्य होतं. सेन्सरचं तापमान सहा-आठ अंशांनी चढलं की अंधारातही त्यात वाहणारी वीज साधारण दुप्पट होते आणि असे ठिपके उजळतात. तेव्हा डोंबिवलीत मे महिना चालू होता. आमच्या घरात थंड जागा एकच. कॅमेरा पिशवीत घालून मी फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवला. बाहेर काढून पिशवी उघडताच त्याला दरदरून घाम फुटला. लेन्सच्या आत धुकं दाटलं. भेदरून मी तो तांदळाच्या डब्यात पुरला. संध्याकाळी बायकोनं भात लावायला डबा उघडला, माप खुपसलं, ते खण्णकन वाजलं. पुढचा संवाद छापण्यासारखा नाही. वाळल्यावर फोटो काढला. ठिपका होता, किंचित फिका. वर कॅमेऱ्याला आंबेमोहोराचा वास.

परत करायचा तर खोक्यात भरायला हवा. मराठी माणूस खोकं टाकत नाही. आमच्या माळ्यावर अशा टीव्हीचं खोकं आहे, जो टीव्ही भंगारात गेल्याला जमाना झाला. त्यामुळे खोकं होतं, पण आतलं सामान आता त्यात जाईना. दुकानात हेच सगळं त्या खोक्यातून जादूगारासारखं निघालं होतं. एक पुठ्ठा असा दुमडलेला होता की त्याची घडी फक्त जपानी माणसालाच घालता यावी. चार्जर गेला की केबल राहायची, केबल गेली की पुस्तिका. पट्टा तर मी हौसेनं ओवून बसलो होतो. त्याचं टोक आधी चौकोनी कडीतून, मग प्लॅस्टिकच्या बकलेतून, मग पुन्हा स्वतःच्याच खालून. तो उसवताना नख मोडलं. सिलिका जेलची पुडी सापडत नव्हती. ती सासूबाईंनी औषध समजून गोळ्यांच्या डब्यात ठेवली होती, हे वेळेत कळलं.

फोर्टात उतरेपर्यंत लोकलच्या गर्दीत खोक्याचा एक कोपरा चेपला. वाटेत मी मनाची तयारी करत होतो. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोंच्या वर, फोटो शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचा, तोही कृष्णधवल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. अख्ख्या कॅमेऱ्याचे ठिपके दहा हजार! तो माणूस धन्य झाला असेल. पण त्याला साडू होते की नाही, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही.

दुकानात गल्ल्याच्या वर पाटी होती, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." आजोबांनी शिकवलेलं कलम घशापर्यंत आलं होतं. पण दुकानदारानं "या साहेब, बसा साहेब" म्हणत पंखा माझ्याकडे वळवला, थंड पाणी मागवलं आणि चेपलेल्या खोक्याकडे काणाडोळा केला. इतक्या भल्या माणसावर पोटकलम सत्तेचाळीस कसं लावायचं? मी ठिपका दाखवला. त्यांना दिसेना. मोठा केला, तरी दिसेना. पोऱ्याला बोलावलं. त्यानं क्षणात बोट ठेवलं.

"आहे शेठ. पण हे झाकण लावून काढलेत काय सर?"

"हो."

पोऱ्यानं माझ्याकडे, मग शेठकडे पाहिलं. तेवढ्यात शेठनी कॅमेरा हातात घेतला आणि त्यांचा अंगठा लाल झाला.

"साहेब, याची पूजा झालीय."

"हो, म्हणजे, घरी सगळ्यालाच..."

"आमच्याकडे पण करतात. पण पूजा झालेला पीस मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला कसा देणार?" मग हुंगून, "आणि याला वास कसला येतोय?"

तरीही तो माणूस बदलून द्यायला तयार झाला. फक्त एक अट घातली. नवा पीस सीलबंद मिळेल, सील तोडलं की तो माझा. आत ठिपके किती, ते माझ्या नशिबावर. दुसरा मार्ग सर्व्हिस सेंटरचा. काही कॅमेऱ्यांच्या मेनूतच 'पिक्सेल मॅपिंग' असतं. बटण दाबलं की कॅमेरा स्वतःच बिघडलेले ठिपके हुडकून यादीत घालतो. ऑलिंपसवाल्यांकडे ही सोय जुनी आहे. माझ्या मॉडेलच्या मेनूत ती नाही, त्यासाठी कॅमेरा जमा करावा लागणार. परत कधी मिळेल? "पंधरा दिवस धरून चाला," आणि मुंज त्याच्या आत.

मी त्या सीलबंद खोक्याकडे बघत बसलो. माझ्या कॅमेऱ्यात एक ठिपका होता, पण त्याचा पत्ता मला माहीत होता. त्या खोक्यात शून्य असतील, किंवा पाच असतील, आणि एखादा बरोबर मधोमध, माणसाच्या नाकावर. शेठ वाट बघत होते. पोऱ्या वाट बघत होता. मी ठामपणे म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

मुंजीपर्यंत माझं विचारणं चालूच होतं, आणि बिलावर लिहिलेली परतीची मुदत मुंजीच्या दुसऱ्या दिवशी संपत होती.

मांडवात मला एक युक्ती सुचली. ठिपका लाल आहे, वर उजवीकडे आहे. तर तिथे लाल काहीतरी येऊ द्यायचं. मग मी फोटोतली माणसं कुंकवाच्या हिशेबानं लावू लागलो. "मामी, तुम्ही उजव्या टोकाला. मावशी, तुम्ही नको, तुमची टिकली मरून आहे. आत्या, पाटावर उभ्या राहा, कपाळ जरा वर हवंय." मातृभोजनात बटूची आई घास भरवायला वाकली आणि मी ओरडलो, "वहिनी, कुंकू सोडू नका!" सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. कंत्राटी फोटोग्राफर शांतपणे आपले फोटो काढत होता. त्यानं झाकण आयुष्यात कधी लावलं असेल असं वाटत नव्हतं.

साडू आले होते, छातीवर ती तोफ घेऊन. "काय, करताय ना परत? आमच्यात असलं काही नाही हो," हे त्यांनी मला, माझ्या मेव्हण्याला आणि भटजींना सांगितलं. मग पहिल्या पंगतीची पानं मांडली गेली आणि त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "जरा सांभाळा हं. वरण सांडायला नको."

मी सांभाळला. लेन्सला झाकण लावलं, वर उपरणं गुंडाळलं, आयएसओ १२,८०० केला, शटर तीस सेकंद. लांब वेळाच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ गुपचूप आणखी एक अंधार टिपतो आणि त्यातले ठिपके आधीच्या फोटोतून वजा करतो. तो पर्याय मी आठवणीनं बंद केला. माझा कॅमेरा तपासताना मी इतका कठोर झालो नव्हतो. असं केल्यावर जगातला कुठलाही सेन्सर ठिपके दाखवणारच, हे मला ठाऊक होतं. पण मी तिथे शास्त्रासाठी बसलो नव्हतो. फोटो उमटला, मोठा करून पाहिला. लाल, निळे, हिरवे, पांढरे. मोजता येईनात इतके. त्या दिवशीच्या मठ्ठ्याला आणि जिलबीला जी चव होती ती पुन्हा कधी लागली नाही.

साडू हात पुसत आले. "कसा वाटला?"

"उत्तम. फक्त घरी गेल्यावर एकदा झाकण लावून फोटो काढून बघा."

मी कॅमेरा ठेवून घेतला. मुदत संपली त्या दिवशी शेठना फोन करून तसं कळवलंही. वरच्या मजल्यावरचे आजोबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. साडू मात्र जेवणं आटोपली की रोज फोन करतात आणि नवा आकडा सांगतात. त्यांचा कॅमेरा दोन वर्षांपूर्वीचा आहे. तो आता कोणी परत घेणार नाही.